उबुंटू टाकल्यापासून लॅपटॉपचा आवाज खरखरतो, स्पीकर बदलावा का?

स्पीकरला इतक्यात हात लावू नका. तुम्ही लिहिलंय की उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) टाकल्यापासून गाणं लावताना आधी ‘टक्’ होतं, ब्राउझरमध्ये बरेच टॅब उघडले की मध्येच खरखर येते, विंडोजवर यातलं काही नव्हतं आणि दुरुस्तीवाला स्पीकर गेला म्हणतोय. विंडोजवर कालपर्यंत नीट वाजणारा स्पीकर नेमका उबुंटूच्या मुहूर्तावर कसा जाईल? तरी मनातली शंका फेडून टाका: वायरचा हेडफोन लावून ऐका. त्यातही तीच खरखर आली तर स्पीकर निर्दोष. वायरचाच लावा, कारण ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, वायफायही बऱ्याचदा तिथेच असतं, आणि त्यांच्या भांडणातून येणारी खरखर हे निराळंच प्रकरण आहे.

‘टक्’ आणि ‘खरखर’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि नेटवरचे बहुतेक उपाय दोन्ही एकत्र कालवून देतात.

आधी टक्. शांतता झाली की वीज वाचवायला कर्नल (सिस्टिमचा गाभा) साउंड चिपला झोपवतो. पुढचा आवाज आला की ती दचकून उठते, तो हा टक्. सिस फोल्डरात मॉड्यूल, त्यात एसएनडी_एचडीए_इंटेल, त्यात पॅरामीटर्स, आणि तिथे पॉवर_सेव्ह नावाची फाइल आहे (मी सगळं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत टाका). तिच्यातला आकडा म्हणजे किती सेकंदांनी झोपायचं ते. सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने आज्ञा चालवायची सोय) वापरून तिथे शून्य लिहा आणि ऐका. टक् गेला तर एटीसीमधल्या मॉडप्रोब-डॉट-डी फोल्डरात एक फाइल करून हाच पर्याय कायमचा लिहा. बॅटरीवर थोडा परिणाम होईल. टीएलपी (बॅटरी वाचवणारा प्रोग्राम) टाकलं असेल तर ते तुमचा शून्य पुसून स्वतःचा आकडा लिहितं, तेव्हा बदल त्याच्याच सेटिंगमध्ये करा.

एवढ्याने गेला नाही तर वायरप्लंबर (आवाजाच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) बघा. तोही पाच सेकंद शांतता झाली की आउटपुट थांबवून ठेवतो. फक्त त्याच्या ०.५ आवृत्तीपासून सेटिंग लिहायची पद्धतच बदलली आहे, आधी ती लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायची. २४.०४ वर अजून ०.४ आहे, त्यामुळे नव्या पद्धतीची कृती तुमच्याकडे चालणार नाही.

आता खरखर. इथे माझा एक आख्खा रविवार गेलाय. नेटवर सापडलं की पल्सऑडिओच्या (आवाजाचं काम बघणारा जुना प्रोग्राम) डिफॉल्ट-डॉट-पीए फाइलीत एका ओळीपुढे टीएसशेड बरोबर शून्य लिहा. लिहिलं. रीस्टार्ट केल्यावर दहा मिनिटं छान, मग परत खरखर. मग त्याच्याच दुसऱ्या फाइलीतले आकडे कमी-जास्त केले, परत दहा मिनिटं छान. संध्याकाळी कधीतरी ‘पीएसीटीएल इन्फो’ ही आज्ञा चालवली आणि सर्व्हरच्या नावापुढे ‘ऑन पाइपवायर’ दिसलं; पाइपवायर हा त्याच कामाचा नवा प्रोग्राम. म्हणजे दिवसभर मी ज्याच्या फाइली कोरत होतो तो पल्सऑडिओ घरात नव्हताच. रीस्टार्टनंतर बरं वाटायचं ते फक्त बाकीचे प्रोग्राम बंद झाल्यामुळे! उबुंटूने २२.१० पासून, म्हणजे २०२२ पासून, आवाजाचं काम पाइपवायरकडे दिलंय. फेडोराने तर २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीतच दिलं होतं. तेव्हा तुम्हीही हीच आज्ञा सगळ्यात आधी चालवा. पल्सऑडिओचे जुने उपाय खोटे नाहीत, पण ते ज्याच्याकडे पल्सऑडिओ आहे त्याच्यासाठी.

खरखर येते कशी? गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा. नळ सतत चालू आहे आणि मोटर मधूनमधून लागते. मोटर लागायला उशीर झाला की नळातून हवा फुसफुसते. साउंड कार्ड हा नळ, बफर ही टाकी आणि प्रोसेसर ही मोटर. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (बारीक तुकडे) वाजतात आणि पाइपवायर एरवी १,०२४ चा घास घेतं, म्हणजे जेमतेम २१ मिलिसेकंदांचा साठा. त्यात गोम अशी की एखाद्या मीटिंगच्या अ‍ॅपने किंवा गेमने त्याहून छोटा घास मागितला, तर सगळ्यांना तोच मिळतो. सगळ्यात छोटी टाकी मागणारा जिंकतो आणि खरखर मात्र तुमच्या गाण्यात येते.

हे डोळ्यांनी बघता येतं. ‘पीडब्ल्यू-टॉप’ चालवा, गाणं लावा, टॅब उघडा. खरखरीबरोबर ईआरआरच्या (चुकांच्या) रकान्यातला आकडा वाढत असेल तर निदान पक्कं. क्वांटच्या (क्वांटम, म्हणजे तोच घास) रकान्यात कोण किती मागतोय तेही दिसेल. मग ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा’ने सेटिंग्जमधला क्लॉक-डॉट-फोर्स-क्वांटम २०४८ करा. हा बदल तात्पुरता असतो, शून्य दिलं की पूर्ववत. खरखर थांबली तर होम फोल्डरातल्या डॉट-कॉन्फिग, पाइपवायर, पाइपवायर-डॉट-कॉन्फ-डॉट-डी या वाटेने जाऊन एका छोट्या फाइलीत किमान क्वांटम १,०२४ करून ठेवा. आधी १,०२४ च करून बघा, बऱ्याचदा तेवढं पुरतं. २,०४८ ला आवाज साधारण ४३ मिलिसेकंद मागे राहतो. गाणी ऐकताना कळत नाही, पण लॅपटॉपला कीबोर्ड जोडून पेटी वाजवणार असाल तर बोटं आणि सूर यांचं जमणार नाही.

ईआरआर हलतच नसेल आणि तरी आवाज फाटत असेल, तर व्हॉल्यूम शंभर टक्क्यांच्या वर नेऊन ठेवलाय का पाहा. उबुंटूत तशी सोय आहे आणि ती चालू राहिलेली लक्षात येत नाही. आणि खरखर नसून सतत गुणगुण असेल, तर चार्जर काढून ऐका. काढल्यावर थांबली तर भिंतीतल्या अर्थिंगकडे किंवा दोन पिनांच्या एक्स्टेन्शन बोर्डकडे बघा, लिनक्सचा त्यात काही संबंध नाही.

एका वेळी एकच बदल करा आणि जुनी ओळ वहीत लिहून ठेवा. हेडफोनमध्ये येतं का आणि ईआरआर वाढतो का, एवढं खाली कळवा, पुढचं बघू.