सवलतीसाठी पूर्ण पैसे आत्ताच भरू नका

अंतराळाच्या सीमेपर्यंत नेणाऱ्या उड्डाणाचं तिकीट काढायचंय आणि पूर्ण रक्कम आत्ता भरली तर सवलत मिळेल, असं एजंट म्हणतोय, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि राहवलं नाही. दहा वर्षांपूर्वी मलाही अगदी हेच सांगितलं होतं.

वैद्यकीय चाचण्या, ट्रेनिंग वगैरे तुम्ही पाहिलंच असेल. मी फसलो ते पावतीवरच्या ‘रिफंडेबल’ या शब्दाला. पैसे कुठेतरी बाजूला पडून असणार, असं मी धरून चाललो. एस्क्रो खातं, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत पैसे तिसऱ्याच्या ताब्यात ठेवणारं खातं, नव्हतंच. आमच्या पैशांतून कंपनीचे पगार आणि इंजिनाच्या चाचण्या चालल्या होत्या. कंपनी बुडाल्यावर पैसे मिळण्याच्या रांगेत आधी तारण घेऊन कर्ज दिलेले सावकार, मग कामगार, आणि पार शेवटी आम्ही. हाती काहीच आलं नाही. ज्या बुकिंग कार्यालयाने पैसे घेतले, त्यांना सात मेल केले. उत्तर एकच, ‘आम्ही फक्त मध्यस्थ.’ कमिशनही परत दिलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

या धंद्यात उशीर धरूनच चाला. अशी उड्डाणं विकणाऱ्या व्हर्जिन गॅलेक्टिक या अमेरिकी कंपनीची घोषणा २००४ ची. २०१४ मध्ये चाचणीत यान कोसळून एक वैमानिक गेला. व्यावसायिक उड्डाणं सुरू व्हायला जून २०२३ उजाडला, आणि जून २०२४ मध्ये ते यान निवृत्तही झालं. शेकडो लोक पुन्हा रांगेत. जागा मोजक्या, खर्च मात्र रोजचा, म्हणून कंपनीला तुमचा अॅडव्हान्स आजच हवा असतो. माझ्या मते ते बिनव्याजी, बिनतारण कर्जच आहे.

भारतातून पैसे पाठवणार असाल तर एलआरएसची (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. गॅलेक्टिकचं तिकीट साडेचार लाख डॉलरना विकलं गेलंय. हेच कारण पुढे करून हप्ते मागा, आणि मोठा हप्ता उड्डाणाची तारीख ठरल्यावरच द्या.

आणखी एक. अमेरिकेत सरकार या यानांना प्रवाशांसाठी सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र देत नाही. कंपनी तसं लेखी कळवते आणि तुम्ही सही करता. त्याआधी आयुर्विम्याच्या पॉलिसीतले अपवाद वाचा.

मी वकील नाही, नियमही बदलतात. करार कंपनीच्या देशातल्या वकिलाला दाखवाच. एजंटला आज एवढंच लेखी विचारा, पैसे कोणाच्या नावाच्या खात्यात जाणार आणि कंपनीला ते कधी काढता येणार? उत्तर आलं की नावं झाकून इथे टाका, मी बघतो.