वाचक विचारतात : डोंबिवली ते बीकेसी, कार की लोकल?

प्रश्न : मी डोंबिवली पूर्वेला राहतो. ऑफिस नुकतंच बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) हललं, साडेनऊला हजेरीचा पंच. कार दारात उभीच असते. रस्त्याने एका बाजूचे 40 किलोमीटर पडतात. रोज कार नेणं परवडेल का?

उत्तर : आधी पैशांचं उरकू. महिन्याचे 22 दिवस, रोज 80 किलोमीटर, म्हणजे 1,760 किलोमीटर. या रस्त्यावर पेट्रोल कारने लिटरला 12 दिले तर नशीब. लागलं 147 लिटर. दर 104 रुपये धरा, सव्वापंधरा हजार झाले. सीएनजीवर किलोला 20 किलोमीटर आणि 80 रुपये भाव धरला तर सात हजार. कार आधीच घेतलेली असल्याने हप्ता आणि विमा या हिशेबात धरू नका, ते तसेही जाणारच. सर्व्हिसिंग मात्र धरा. वर्षाला एकवीस हजार किलोमीटर, म्हणजे दर दहा हजाराला एक या हिशेबाने दोन सर्व्हिसिंग. 14 ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर कारला टोल नाही, तेवढी सूट. पार्किंगचं ऑफिसला आधी विचारा. जागा मिळणार नसेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

पैसे ज्याचे त्याने ठरवावेत. आमच्या मते खरी अडचण वेळेची आहे, आणि तीही सरासरी वेळेची नव्हे. कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोचं काम चालू आहे. शिळफाट्याला तुमची रांग उरण बंदराकडून भिवंडीकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगेला छेदते. एक ट्रेलर बंद पडला की मागे सगळं ठप्प. मोठागाव-माणकोली पुलावरून गेलात तर शिळफाटा टळतो, पण पुढे नाशिक महामार्गावर भिवंडीच्या गोदामांचे ट्रक भेटतातच. पाच दिवस घरापासून खुर्चीपर्यंतची वेळ लिहून ठेवा आणि त्यातल्या सगळ्यात वाईट दिवसावरून घर सोडायची वेळ ठरवा. पंच साडेनऊचा आहे, सरासरीचा नाही.

शिवाय क्लच. गर्दीत अर्धा क्लच दाबून कार सरकवत राहिलं की प्लेट तापते आणि झिजते. इंजिनचा आवाज चढतो पण कार तेवढी ओढत नाही, असं झालं की समजा काम निघालं. पुढे दोन कारची जागा मोकळी होईपर्यंत न्यूट्रलमध्ये थांबा, मग पहिला गिअर टाका. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

आता गाडी. (डोंबिवलीत ‘गाडी’ म्हणजे लोकलच, हे तुम्हाला सांगायला नको.) फास्टने घाटकोपर चाळीसेक मिनिटं. तिथून वर्सोव्याची मेट्रो, मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो 3, थेट बीकेसी. मेट्रो 3 ची तिकिटं वर असतानाच काढा, खाली नेटवर्कचा भरवसा नाही. या रस्त्यातली अवघड जागा एकच, घाटकोपरचा जिना आणि तपासणीची रांग. सकाळी तिथे पंधरा मिनिटं हिशेबात धराच. दुसरा मार्ग कुर्ला पश्चिमेहून 310 नंबरची बस किंवा शेअर रिक्षा. ऑफिस कुर्ल्याच्या अंगाला असेल तर हाच जवळचा. वांद्र्याकडच्या कलानगरच्या अंगाला असेल तर ती बस सगळं संकुल ओलांडत जाते आणि संध्याकाळी परतताना रिक्षाची रांग लांबते.

पास कुर्ल्यापर्यंतचा काढा, घाटकोपर त्यातच येतं. मग रोज सकाळी गर्दी बघून मार्ग ठरवता येतो. सेकंडचा पास दोन-सव्वादोनशे, म्हणजे कारच्या एका दिवसाच्या पेट्रोलचा तिसरा हिस्सा. एसीचा पास असेल तर एसी लोकल चुकली तरी साध्या गाडीच्या फर्स्ट क्लासमध्ये चढता येतं. उलटं चालत नाही. फर्स्टच्या पासावर एसीत चढलात तर टीसी दंड करणार.

थोडक्यात लोकल घ्या. कार मुसळधार पावसासाठीही राखून ठेवू नका; कुर्ला-सायनला रुळांवर पाणी येतं तेव्हा कुर्ल्याचे रस्तेही कोरडे नसतात. त्या दिवशी घरून काम मागा.

प्रश्न : सकाळी कर्जत-कसाऱ्याच्या गाड्या भरून येतात. म्हणून डाऊन गाडीने कल्याणला जाऊन बसून येतो. पास डोंबिवली-कुर्ला आहे. चालतं ना?

उत्तर : नाही. डोंबिवली ते कल्याण हा टप्पा तुमच्या पासात नाही, तिथे तुम्ही विनातिकीटच ठरता. पासच कल्याण ते कुर्ला काढा, फरक दंडापेक्षा कितीतरी कमी. किंवा वेळापत्रकात डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी शोधा. ती रिकामी लागते, पण दहा मिनिटं आधी फलाटावर उभं राहावं लागेल.

प्रश्न : आठवड्यात तीनच दिवस ऑफिस. पास काढावा की रोज तिकीट?

उत्तर : डोंबिवली-कुर्ला सेकंडचं एका बाजूचं तिकीट 10 रुपये, म्हणजे पास अकरा दिवसांत वसूल. तुमचे महिन्याला बारा-तेरा होतात. तेव्हा पासच, आणि जमल्यास तिमाही. तो मासिकाच्या 2.7 पटीत मिळतो. मे महिन्यात मोठी सुट्टी घेणार असाल तर मात्र तिमाही त्यानंतर सुरू करा.