नेट घरात आलंय, पण खोलीत पोचत नाही

या खेपेचे बहुतेक प्रश्न एकाच घरातून आल्यासारखे आहेत. कनेक्शन एक, वापरणारे चार-पाच, आणि कुणाच्या तरी खोलीत व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. सगळ्यांना आधी एकच काम सांगतो. लॅपटॉपला लॅन केबल लावा, दुसरं टोक थेट राउटरच्या पोर्टमध्ये खुपसा आणि वेग मोजा. आकडा प्लॅनइतका आला तर कंपनीने तिचं काम केलंय. पुढचा दोष घरातला आहे, आणि तो मोठा प्लॅन घेऊन जात नाही. लोक महिन्याला दोन-तीनशे रुपये जास्त भरतात आणि अडचण होती तिथेच राहते, हे पाहून मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : आमचं घर चिपळूणजवळ, जुनं, जांभ्या चिऱ्याचं. फायबर ओटीवर आलंय, राउटरही तिथेच. ओटीवर छान चालतं, माजघरात कसंबसं. मागच्या खोलीत मुलगी अभ्यासाला बसते, तिथे काहीच येत नाही. रिपीटर घेऊ का?

लगेच घेऊ नका. आधी भिंत समजून घ्या. जुन्या घरातली चिऱ्याची भिंत जाड असते, आणि जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात ओल धरतो. पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. जूननंतर रेंज कमी झाल्यासारखी वाटत असेल तर तो भास नव्हे. अशा दोन भिंती ओलांडून सिग्नल मागच्या खोलीत जातो तेव्हा त्यात फारसा जीव उरत नाही.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी लांब जाते, भिंतीतून बरी निघते, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेग भरपूर, पण चिऱ्याच्या पहिल्याच भिंतीला ती दमते. तुमच्या माजघरात जे कसंबसं चालतं ते बहुधा २.४ वरच.

रिपीटर राउटरचं बोलणं ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. स्वस्तातले रिपीटर ऐकणं आणि बोलणं एकाच पट्टीवर करतात, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला दुप्पट वेळ लागतो आणि वेग निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो लावतात कुठे, तर जिथे सिग्नल मेलाय तिथेच. तिथे तो ऐकणार काय? लावायचाच झाला तर माजघरात, जिथे सिग्नल अजून धड आहे तिथे.

तुमच्या घराला खरा उपाय वायरचा. ओटीवरून माळ्यावरून मागच्या खोलीपर्यंत कॅट ६ प्रकारची लॅन केबल न्या. लॅन केबल १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते, घर कितीही ऐसपैस असलं तरी तेवढं अंतर होत नाही. केबल पीव्हीसी पाइपातून ओढा, माळ्यावर उंदीर असतातच. आणि ती घराच्या आतूनच न्या. बाहेरून, पत्र्याखालून नेलेल्या तांब्याच्या तारेत वीज कडाडताना जो झटका येतो तो दोन्ही टोकांची यंत्रं घेऊन जातो.

मागच्या टोकाला नवं काही विकत घ्यायला नको. जुना राउटर पडून असेल तर तोच लावा. आधी लॅपटॉप त्याला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये जा आणि तीन गोष्टी बदला. मुख्य राउटरचा नेटवर्कमधला पत्ता (आयपी) १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. त्यातलं डीएचसीपी बंद करा. वायफायचं नाव आणि पासवर्ड ओटीवरच्यासारखेच ठेवा, म्हणजे फोन चालता चालता एकावरून दुसऱ्यावर जाईल. मग ओढलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वेगळ्या रंगाचं, वॅन लिहिलेलं पोर्ट रिकामंच ठेवा.

डीएचसीपीचं विसरू नका. घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटण्याचं काम ते करतं, आणि पत्ते वाटणारा घरात एकच हवा. बहिणीच्या घरी मी हे बंद करायला विसरलो होतो. काही फोन चालत होते, काही वायफायला जोडलेले दिसूनही नेट नव्हतं, आणि थोड्या वेळाने बरोबर उलटं. मागचा राउटर निम्म्या फोनांना सांगत होता की बाहेरचा रस्ता माझ्याकडून जातो, आणि त्याच्याकडे तर रस्ताच नव्हता. सगळी संध्याकाळ त्यात गेली.

प्रश्न : पुण्यात फ्लॅट आहे, २०० एमबीपीएसचा प्लॅन. फोनवर राउटरजवळ १८० दिसतात. कॉम्प्युटरला बिल्डरने भिंतीतून दिलेली केबल लावली, तर कधीच ९४च्या वर जात नाही. कस्टमर केअरवाले म्हणतात, कॉम्प्युटर खराब आहे.

९४ हा आकडा लिहिलात हे फार चांगलं केलंत, निम्मं उत्तर त्यातच आहे. १०० एमबीपीएसच्या लिंकवर, म्हणजे दोन यंत्रांमधल्या जोडणीवर, डेटा छोट्या पाकिटांत जातो, आणि प्रत्येक पाकिटाचं वेष्टण वजा केलं की हातात साधारण ९४ उरतात. म्हणजे तुमच्या वाटेत कुठेतरी लिंक १०० वर अडकली आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटच्या माहितीत लिंक स्पीड पाहा, १००/१०० लिहिलेलं असेल. हवं १०००/१०००.

आता राउटर कॉम्प्युटरच्या शेजारी आणून ठेवा आणि चांगल्या, छोट्या केबलने थेट जोडा. लिंक १००० झाली तर दोष भिंतीतल्या केबलचा. नाही झाली तर दोघांपैकी एकाचं पोर्टच १००चं आहे, आणि स्वस्त राउटरांत ते अजूनही असतं.

माझा संशय भिंतीवर आहे. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्यांत पिळलेल्या. १००च्या लिंकला त्यातल्या चारच लागतात, १०००ला आठही. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी सुटलेली असली तरी नेट चालतं, कुठलाही लाल दिवा लागत नाही, फक्त वेग ९४ला थांबतो. काही इलेक्ट्रिशियन तर एकाच केबलच्या चार-चार तारा दोन खोल्यांना वाटून देतात. त्यांच्या दृष्टीने दोन्हीकडे नेट आलं, काम झालं.

केबलच्या टोकाचा जॅक हातात घ्या, टोक वर, सोनेरी पट्ट्या तुमच्याकडे. डावीकडून क्रम असा दिसायला हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच. भिंतीत सॉकेट असेल तर प्लेट उघडून मागे आठही तारा दाबल्यात का ते पाहा. जॅक बदलायला क्रिम्पिंगचं पक्कड लागतं, आणि सीसीटीव्ही बसवणाऱ्या कुठल्याही माणसाकडे ते असतं.

जाता जाता, फाइल उतरवताना सेकंदाला २५ एमबी दिसले तर घाबरू नका. प्लॅन बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. २०० भागिले ८, म्हणजे २५.

प्रश्न : वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी मुलं वायफायचा पासवर्ड मागतात. अर्धं बिल देतो म्हणतात. द्यावा का? (कोल्हापूर)

देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं चांगलीच असतील, तरीही. तुमच्या घरातल्या सगळ्या यंत्रांना राउटर आतले पत्ते देतो, पण बाहेरच्या जगाला ती सगळी मिळून एकच यंत्र दिसतं, आणि ते तुमच्या नावावर असतं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना धमकीचा मेल गेला होता. तपास करत पोलीस नवी मुंबईतल्या एका घरात पोचले. वायफाय तिथलंच होतं, नीट बंदिस्त नसलेलं. मेल पाठवणारे दुसरेच होते, पण चौकशीला तोंड त्या घराला द्यावं लागलं. शिवाय घरगुती कनेक्शन दुसऱ्या बिऱ्हाडाला वाटून द्यायला कंपन्यांच्या अटींत सहसा मनाई असते. अर्धं बिल घेतलंत की तुम्ही नेट विकताय असा त्याचा अर्थ होऊ शकतो. मुलांना त्यांच्या नावाने लहान प्लॅन घेऊ द्या.

पाहुण्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं ते चालू करा. त्यांना नेट मिळतं, तुमचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर दिसत नाही. त्याच बैठकीत सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए२ किंवा ३ (वायफायचं कुलूप) आहे ना ते पाहा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने झटपट जोडण्याची सोय) बंद करा आणि राउटरचा स्वतःचा, ॲडमिनचा पासवर्डही बदला. फायबर बसवून देणारा माणूस बहुतेक वेळा तो कारखान्यातला तसाच ठेवून जातो.

प्रश्न : जुन्या डेस्कटॉपला वायफायचं यूएसबी डोंगल लावलं. पाकिटावर १५० एमबीपीएस लिहिलंय, मिळतात १२ ते १५. शेजारी ठेवलेल्या फोनवर ७० येतात. डोंगल बदलू का? (नागपूर)

आधी जागा बदला. डोंगल कॉम्प्युटरच्या मागे खोचलेलं असणार. म्हणजे पुढे पत्र्याचा डबा, मागे भिंत, आणि टेबल लोखंडी असेल तर तेही मध्ये. यूएसबीची मीटरभर लांबीची एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टेबलाच्या वर, उघड्यावर आणा. दुसरी गोष्ट, शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क लावलेली आहे का? यूएसबी ३ चालू असताना त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच गोंगाट निघतो आणि डोंगल बहिरं होतं. डिस्क काढून एकदा वेग मोजून पाहा.

एवढं करूनही १५० मिळणार नाहीत. तो आकडा दुप्पट रुंद चॅनल (पट्टीतली एक वाट) मोकळा मिळाला तरचा. बिल्डिंगमध्ये दहा राउटर असताना राउटर साध्या रुंदीवर येतो, तिथे एका अँटेनाच्या डोंगलची लिंकच जास्तीत जास्त ७२, आणि प्रत्यक्ष हाती त्याच्या निम्मे-पाऊण. राउटरमध्ये २.४ साठी चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात कमी गर्दीचा निवडा. मधले ३, ४, ८ निवडलेत तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडण होतं. यानंतरही पुरत नसेल तर ५ गिगाहर्ट्झचं डोंगल घ्या.

प्रश्न : गावी फायबर नाही. सुट्टीत दोन लॅपटॉप एका मोबाइलवर चालवायचे असतात. फोन तापतो, बॅटरी संपते.

फोन यूएसबीने एका लॅपटॉपला जोडा आणि हॉटस्पॉटऐवजी यूएसबी टेदरिंग, म्हणजे वायरीतून नेट देणं, चालू करा. फोन चार्जही होत राहतो. मग त्या लॅपटॉपवर विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंगमधलं मोबाइल हॉटस्पॉट सुरू करा, दुसरा लॅपटॉप त्याच्या वायफायवर येईल. फोनचं वायफाय प्रसारण बंद राहिल्याने तापणं बरंच कमी होतं. लांब वायर असेल तर फोन खिडकीत ठेवा, टॉवरच्या दिशेला. आणि दोन्ही लॅपटॉपवर कनेक्शन मीटर्ड, म्हणजे मोजक्या डेटाचं, म्हणून खूण करा, नाहीतर विंडोजचे अपडेट दिवसाचा डेटा सकाळीच संपवतात.

प्रश्न : लाइट गेली की नेट जातं. इन्व्हर्टर नाही. काही स्वस्त सोय? (लातूर)

राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, ॲडॉप्टर आणि राउटरच्या मध्ये लावायचा. घेण्याआधी ॲडॉप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. १२ व्होल्ट आहे की ९, आणि अँपिअर किती, ०.५, १ की २. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना वीज हवी, नुसता राउटर चालू ठेवून उपयोग नाही. दोन पिना बाहेर निघणारा यूपीएस त्यासाठीच असतो. दुकानदाराला दोन्ही ॲडॉप्टरच नेऊन दाखवा, पिनेची जाडीही तिथेच जुळवून घेता येते.