‘वरची दाढ काढली तर डोळे जातील ना?’

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की पेशंट खुर्चीत टेकायच्या आत तो मला ऐकू येतो. विचारणारे अडाणी नसतात. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असतात, गणित शिकवणाऱ्या बाई असतात. एकदा तर फार्मसीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा होता. डॉक्टरांनी दहा मिनिटं समजावलेलं असतं, एक्स-रे दाखवलेला असतो. मग शेजारीण कुंपणावरून म्हणते, "भाभी, ऊपर की दाढ़ मत निकलवाना, आँख की नस कट जाती है." झालं. एका पारड्यात ती दहा मिनिटं, दुसऱ्यात हे एक वाक्य, आणि पारडं कुठे झुकतं ते सांगायला नको.

इंदूरच्या राजेंद्रनगरात माझी समुपदेशनाची खोली आहे. दाताच्या पेशंटचं तिथे काय काम, असं पुष्कळांना वाटतं. जवळच्याच एक दंतवैद्य बाई, त्यांच्या खुर्चीत बसूनही तोंड न उघडणारे पेशंट माझ्याकडे पाठवतात. सुमनकाकू (नाव बदललंय, काही तपशीलही, त्यांना विचारूनच लिहितेय) अशाच आल्या, सुनेबरोबर.

वय ६२. वरची डावी शेवटची दाढ हलत होती, हिरडी दाबली की पू येत होता, दोनदा गाल पार डोळ्यापर्यंत सुजला होता. काढायची वेळ दोनदा ठरली. पहिल्यांदा काकू खुर्चीतून उठून आल्या, दुसऱ्यांदा स्कूटरवरून उतरल्याच नाहीत. सून हे सांगत होती तोवर काकूंनी येताना आणलेला पोह्यांचा पुडा उघडला. मला दिले, सुनेला दिले, आणि आपल्या वाट्याच्या पोह्यांवरची शेव चिमटीनं उचलून कागदाच्या कडेला लावत बसल्या. न बोलता, तांदूळ निवडावेत तशा. इंदूरचं माणूस पोह्यांवरची शेव बाजूला काढतं तेव्हा दुखणं किती आहे ते एक्स-रेवाचून कळतं.

"पोह्यांवरचा जिरावण मसालासुद्धा झोंबतो हो," त्या म्हणाल्या. "पण डोळे गेले तर काय करू? दाढेवाचून जगता येतं."

"मग दाढ काढायला काय हरकत आहे?" असं विचारायचा मोह मी आवरला. पण दुसरा मोह आवरला नाही. समजावायला बसले.

कागदावर चेहरा काढला. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला एक जाड नस असते, तिला तीन फांद्या. एक कपाळाकडे आणि डोळ्याभोवती, एक वरच्या जबड्याला, एक खालच्या. वरच्या दाढेचं दुखणं कळतं ते मधल्या फांदीतून. नजरेची नस या झाडाचीच नाही, ती डोळ्याच्या मागून थेट मेंदूत जाते. मग दाढ ठणकली की डोळ्यामागे का ठणकतं? फांद्या वेगळ्या असल्या तरी बुंधा एक, म्हणून कळ नेमकी कुठून आली यात मेंदूची गफलत होते. वरच्या दाढेच्या इंजेक्शननंतर फार क्वचित कुणाला थोडा वेळ एकाचे दोन दिसतात. बहुतेक वेळा बधिरपणा उतरला की तेही जातं, पण जाणवलं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. शिवाय दाढा काढायची वेळ पुष्कळांवर चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर येते, आणि जवळचं दिसेनासं होतं तेही तेव्हाच. चष्मा लागतो वयानं, नाव येतं दाढेवर. उलट डोळ्याला धोका असलाच तर तो पू झालेली दाढ तशीच ठेवण्यात आहे, कारण वरच्या जबड्यातला जंतुसंसर्ग क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत चढतो.

काकूंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. "अगदी बरोबर आहे मॅडम," म्हणाल्या. आणि तिसऱ्यांदा वेळ ठरली तेव्हा नेमकी त्या दिवशी संकष्टी निघाली.

"अगदी बरोबर आहे" ऐकलं की मी आता सावध होते. ज्याला खरंच पटायला लागलेलं असतं तो वाद घालतो.

समुपदेशनातही घराणी असतात. (इंदूरकराला घराणं म्हटलं की इंदूर घराण्याचे गायक अमीर खाँसाहेब आठवतात, तेवढी ऐट आमची नाही.) माझं घराणं विचार तपासायला लावणाऱ्यांचं. मनात आलेलं वाक्य पकडा, त्याला पुरावा मागा, टिकतं का बघा. त्यावर माझा पक्का विश्वास आहे. मात्र एक गोष्ट उमगायला मला बरीच वर्षं लागली. पुरावा आपण पुरवायचा नसतो, आधी समोरच्याकडे मागायचा असतो. त्याच्याजवळ तो असतोच.

"काकू," पुढच्या भेटीत मी विचारलं, "हे डोळ्यांचं तुम्ही ऐकलंय की पाहिलंय?"

बराच वेळ हातातली पाटली फिरवत राहिल्या. "पाहिलंय," म्हणाल्या.

१९७८ सालची, देवासची गोष्ट. आई चव्वेचाळीस वर्षांची. दात हलायला लागले, हिरड्या सुजायच्या, दोन महिन्यांत चार दाढा काढाव्या लागल्या. पुढच्या दिवाळीला आईला सुईत दोरा ओवता येईना. आणखी वर्षानं ओसरीवर कोण आलंय ते ती आवाजावरून ओळखायची.

"डॉक्टरकडे कोणी नेलं होतं त्यांना?"

"मी." तेव्हा त्या सतरा वर्षांच्या. "ती नकोच म्हणत होती. आजीनं बजावलं होतं, डोळे जातील म्हणून. मी नुकतीच मॅट्रिक झालेली, मला अक्कल फार. म्हटलं, काही होत नाही, चल. टांग्यात बसवून मीच नेलं."

सुनेला यातलं काहीच माहीत नव्हतं. बहुधा घरात कुणालाच नव्हतं.

दोन भेटींत मी एका समजुतीशी झटत होते, आणि समोर पंचेचाळीस वर्षांचा अपराध बसला होता. मी काढलेल्या नसांच्या चित्रानं त्याला काय होणार? ‘काही होत नाही’ हे माझं वाक्यसुद्धा त्यांचंच होतं, त्या टांग्यातलं. माझ्या तोंडून ते ऐकताना त्यांना काय वाटलं असेल, या विचारानं माझे कान तापले.

चित्राचा कागद टेबलावरच होता. तो मी उलटा करून ठेवला आणि विचारलं, "दात हलायच्या आधी आईची तब्येत कशी होती?"

"चांगली होती की. काम तर ढीगभर उपसायची." मग आठवत आठवत बोलायला लागल्या. "पाणी फार प्यायची. उशाशी तांब्या असायचा, पहाटेपर्यंत रिकामा. जोडव्यानं बोटाला जखम झाली होती, ती महिना महिना भरली नाही. आणि मोरीत मुंग्या व्हायच्या. आजी चिडायची, मोरी धूत नाहीस म्हणून. ती धुवायची हो. रात्री सारखी लघवीला उठायची ना, तिथेच लागायच्या त्या मुंग्या..."

वाक्य तिथेच राहिलं.

मी गप्प होते. उत्तर जिभेवर असताना गप्प बसणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम, आणि त्या दिवशी ते मला जमलं हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

काकूंना स्वतःला अकरा वर्षं शुगर आहे. गोळ्यांची पट्टी पर्समध्येच असते. त्यांनी पर्स उघडली, पट्टी बघितली, परत ठेवली. आणि आजवर मॅडम-तुम्ही करणाऱ्या काकू एकदम एकेरीवर आल्या.

"अगं, तिला शुगर होती."

"आज कोणी खात्रीनं सांगू शकणार नाही, काकू. तेव्हा तपासलंच नव्हतं. पण हे ऐकून कुठलाही डॉक्टर आधी साखर तपासायला सांगेल."

"दात त्यानंच हलले असतील?"

"असू शकतं. साखर वाढलेली राहिली की हिरड्या सुजतात, दाताखालचं हाड झिजतं. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्याही त्यानंच खराब होतात."

"म्हणजे दाढा काढल्या नसत्या तरी..."

"तरी."

पदर तोंडाला लावून रडल्या. सुनेनं खुर्ची जवळ ओढली. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मुंग्यांना कळलं बघ, आम्हाला नाही कळलं."

पुढचं काम सोपं होतं, आणि ते मुख्यतः डॉक्टरांचं होतं. काकूंची तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ९.२ टक्के, म्हणजे बरीच वाढलेली निघाली. हिरडीतला पू साखर आटोक्यात येऊ देत नाही आणि वाढलेली साखर हिरडी भरू देत नाही, असं ते दोन्ही बाजूंनी चालतं. शुगरच्या डॉक्टरांनी औषधं बदलली, दंतवैद्य बाईंशी बोलून दिवस ठरवला. सकाळची वेळ, नाश्ता आणि नेहमीची गोळी घेऊन. दाढ बधिर करून काढायची असेल तर पुष्कळ जण उगाच उपाशी जातात आणि खुर्चीत घेरी आली की इंजेक्शनला दोष देतात. शुगरवाल्यांनी तर हे मुळीच करू नये. उपाशी यायचं असेल तर डॉक्टर तसं वेगळं सांगतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या-इंजेक्शनं चालू असतील, तर आधी सांगायचं. आणि आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, हे तर मी हात जोडून सांगते.

माझा वाटा तिघींनी मिळून ठरवलेल्या एका खुणेपुरता होता. डावा हात वर गेला की डॉक्टर थांबणार, कारण न विचारता. भीती निम्मी असते ती ‘आता आपल्या हातात काही नाही’ याची. आणि काय जाणवणार हे खरं सांगून ठेवलं. दाब कळेल, ओढल्यासारखं वाटेल, कडकड ऐकू येईल. कळ यायला नको, आली तर हात वर, औषध वाढवतील. बधिर करायच्या औषधात बहुधा ॲड्रेनालिन असतं, त्यानं मिनिटभर छातीत धडधडू शकतं. ते आधी माहीत नसेल तर माणसाला वाटतं, आपण घाबरलो. काकूंचा हात एकदाच वर गेला. डॉक्टर थांबल्या. "काही नाही, थांबता का ते बघितलं," काकू म्हणाल्या. दाढ त्यानंतर पाच मिनिटांत बाहेर.

घरी काय पाळायचं ते कागदावर मिळतंच, तरी सगळे एकाच ठिकाणी चुकतात म्हणून सांगते. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा आणि दिवसभर थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी हेच मलम, ती निघाली की हाड उघडं पडतं. मिठाच्या कोमट पाण्याच्या हलक्या गुळण्या २४ तासांनंतर. तंबाखू, गुटखा, सिगारेट जखम भरेपर्यंत नाहीच. दुखणं रोज थोडं उतरायला हवं. तिसऱ्या दिवशी उलट चढलं, कानाकडे जायला लागलं, तर लवंगेचं तेल शोधत न बसता डॉक्टरांना फोन करायचा. ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा सूज डोळ्याकडे, गळ्याकडे सरकली तर फोनही नाही, सरळ दवाखाना.

अकरा वर्षांत काकूंनी डोळ्याचा पडदा एकदाही तपासला नव्हता. शुगर असलेल्यानं तो वर्षाला तपासावा, हे त्यांना तीन डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. दाढ काढल्यावर दीड महिन्यानं त्या आपणहून गेल्या. संध्याकाळी फोन आला.

"अगं, आत्ता मला खरंच काही दिसत नाहीये. थेंब घातलेत. फोनसुद्धा सुनेनं लावून दिला."

"काय म्हणाले?"

"थोडीशी सुरुवात आहे म्हणाले. सहा महिन्यांनी परत बोलावलंय, साखर सांभाळा म्हणाले." मग पलीकडून हसल्या. "सून म्हणतेय सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊ, तळलेले गराडू खाऊ. तिला म्हटलं, अर्धी प्लेट खाईन, पण आधी हे एकेका दिव्याचे चार दिसताहेत ते दोनावर येऊ दे."