प्रसिद्ध हेर कॉमिक्समध्ये आल्यावर का बदलतात?

जेम्स बाँडसारख्या सर्वांना ठाऊक असलेल्या हेराला कॉमिक्सचे लेखक नव्याने कसे घडवतात आणि त्यात मूळ पात्राची मोडतोड होत नाही का, असे आपण विचारले आहे. ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या वाचनगटातही हा आक्षेप वरचेवर घेतला जातो. माझे मत असे की, मूळ लेखकाने ज्याकडे ओझरते पाहून पान उलटले, नेमक्या तिथे चांगला कॉमिक्सलेखक मुक्काम ठोकतो.

एड ब्रुबेकर आणि चित्रकार स्टीव्ह एप्टिंग यांची २०१३ मध्ये सुरू झालेली ‘व्हेल्व्हेट’ ही कॉमिक्स-मालिका मला याच कारणासाठी अतिशय प्रिय आहे. बाँडच्या कथांत सचिव मिस मनीपेनी साहेबांच्या दालनाबाहेर बसते, दोन वाक्ये बोलते आणि कथा तिला तिथेच सोडून पुढे जाते. ब्रुबेकर यांनी तीच खुर्ची निवडली. १९७३ साली पॅरिसमध्ये एक नामांकित हेर मारला जातो, संशय एका जुन्या सहकाऱ्यावर येतो, आणि संचालकांची सचिव व्हेल्व्हेट टेंपलटन स्वतःच तपासाला लागते. ती एके काळची कसलेली हेर आहे, याची कार्यालयात फारशी कुणाला कल्पनाच नसते. एप्टिंग यांनी तिच्या काळ्याभोर केसांत एक पांढरी बट ठेवली आहे. हाणामारीच्या चित्रांतही ती ठळक दिसते आणि चाळिशी ओलांडलेल्या नायिकेचे वय कुठेही लपवले जात नाही.

ग्रेग रुका यांची २००१ पासूनची ‘क्वीन अँड कंट्री’ ही कॉमिक्स-मालिका ‘द सँडबॅगर्स’ या १९७८ ते १९८० दरम्यानच्या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेवरून स्फुरलेली आहे. मोजके हेर आणि त्यांच्यासाठी वरिष्ठांशी भांडणारा प्रमुख, ही मूळ मांडणी रुका यांनी कायम ठेवली, पण केंद्रस्थानी टारा चेस या हेराला आणले. पहिल्याच कथेत ती कोसोव्होत एका रशियन जनरलला गोळी घालते. एरवी अशा कामगिरीवर हेरकथा संपते. इथे मात्र लंडनच्या मुख्यालयावर सूडाचा हल्ला होतो, टाराच्या मनावरचे ओझे वाढत जाते आणि साहेबलोक परवानग्यांवरून वाद घालत बसतात. रोज लोकलने मुंबईतील सरकारी कार्यालये गाठणाऱ्या ठाणेकरांना हे वाद मुळीच परके वाटणार नाहीत.

ॲलन मूर यांनी २००७ च्या ‘ब्लॅक डॉसिए’ या कॉमिक्समध्ये आडनाव न घेता बाँडलाच ‘जिमी’ म्हणून उभे केले आहे आणि त्याला क्रूर, स्त्रियांवर हात उचलणारा, देशाशीही बेइमान दाखवले आहे. स्त्रियांविषयीची तुच्छता मूळ कादंबऱ्यांत आहेच, त्यामुळे हा आरोप निराधार म्हणता येत नाही. तरीही मला हे चित्रण एकांगी वाटते, कारण जिमीच्या मनात काय चालते हे शोधण्याची उत्सुकता मूर यांना दिसत नाही.

वाचनाला सुरुवात करायची असेल, तर ‘व्हेल्व्हेट’ आधी घ्यावी. तीन खंडांत ती पूर्ण होते.