मुरघास सुरू केला, दूध वाढलं, मग फॅट का उतरली?

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार, माझ्याकडं चार दुभत्या म्हशी आहेत, तीन मुऱ्हा आन एक पंढरपुरी. कडबा परवडंना म्हणून दिवाळीनंतर मक्याचा मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) आणला, बॅगेतला, आणि कडबा एकदमच बंद करून प्रत्येकीला रोज तीसेक किलो मुरघास नि साडेचार किलो सुग्रास (तयार पशुखाद्य) चालू केलं. पहिल्या आठवड्यात दूध वाढलं, मी खूश. पण नंतर डेअरीत फॅट ७.२ वरनं ६.१ वर आली, शेण पातळ पडतंय, रवंथ पण कमी करतात. शेजारचे आण्णा म्हणतात मुरघास आंबट असतोय, त्यानं पोटातले जंतू मरतात, बंद कर. खरंय का?
– एक वाचक, सांगोला तालुका

उत्तर : दादा, बंद करू नका. आण्णांचं निम्मं बरोबर आहे, जंतूंचं काहीतरी बिनसलंय हे खरं, पण आंबटपणावर सगळं ढकलून चालणार नाही.

म्हशीचं कोटीपोट, म्हणजे पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, रांजणच समजा, आत ऑक्सिजन जवळजवळ नाही, तापमान ३९ अंशांच्या आसपास, आणि त्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात बॅक्टेरिया. शिवाय काही लाख प्रोटोझोआ, आणि बुरशीसुद्धा. (ही बुरशी आहे हे कळायला १९७५ साल उजाडावं लागलं, तोवर तिच्या पोहणाऱ्या बीजांना लोक प्रोटोझोआच समजत होते, इंग्लंडच्या ऑर्पिन यांनी तो घोळ सोडवला. कडब्यासारखी टणक वैरण आतून पोखरायचं काम ही बुरशी करते.) आपण म्हशीला चारा घालतो असं म्हणतो पण आधी जेवतात ते हे सगळे, आणि त्यांनी जे आम्ल सोडलं त्यावर म्हैस जगते.

आता यांच्यात दोन गट धरा. एक धागा (चाऱ्यातला चिवट तंतू) खाणारे, फायब्रोबॅक्टर, रुमिनोकॉकस वगैरे, हे सावकाश काम करतात आणि ॲसिटिक आम्ल बनवतात, ज्याच्यापासून कासेत फॅट तयार होते. दुसरे स्टार्च खाणारे, हे घाईचे. कणसासकट कापलेल्या मक्यात स्टार्च भरपूर, वर तुमचं सुग्रास, म्हणजे घाईवाल्यांची चैन झाली. त्यांनी प्रोपिओनिक आम्ल वाढवलं, त्याची लिव्हरमध्ये साखर होते, साखरेतून दुधातली लॅक्टोज, आणि लॅक्टोज जितकी जास्त तितकं दूध जास्त. म्हणून पहिल्या आठवड्यात तुम्ही खूश होता. मुरघासातलं लॅक्टिक आम्ल पण वाया जात नाही, मेगास्फेरा आणि सेलेनोमोनास नावाचे बॅक्टेरिया ते खाऊन बरंचसं प्रोपिओनिकच करतात. त्यामुळं मुरघासाचा पीएच ४ असला तरी नुसत्या त्यानं पोट बिघडत नाही, हे खाणारे तिथं पुरेसे असले म्हणजे झालं.

मग बिघडलं कुठं? लाळेत. कडबा चावताना, रवंथ करताना बादल्याच्या बादल्या लाळ पोटात उतरते, तिच्यात सोडा असतो नैसर्गिकच, आणि तो आम्ल मारतो. मुरघास ओला, मऊ, त्यात बारीक कुट्टीचा असला तर म्हैस चावणार काय आणि रवंथ कशाची करणार! लाळ घटली, पोटातला पीएच ६ च्या खाली गेला की धागा खाणारे सुस्त पडतात. अशा वेळी मक्यातल्या तेलाचं पोटात जे रूपांतर होतं त्याचीही वाट बदलते, आणि तयार होणारा एक फॅटी ॲसिड थेट कासेत जाऊन फॅट बनवणंच आवरतो. शेण पातळ, रवंथ कमी, फॅट कमी, तिन्ही एकाच दोरीला बांधलेत.

आता करायचं काय. मुरघास २० किलोवर आणा आणि ३ किलो कडबा परत चालू करा, महाग असला तरी. चाऱ्यातलं पाणी वजा करून कोरड्या हिशोबानं मुरघासातनं साडेसहा किलो, कडब्यातनं पावणेतीन, सुग्रासातनं चार, म्हणजे तेराच्या पुढं गेलं, पाचशे किलोच्या म्हशीला ठीक आहे. कडब्याची कुट्टी पावडर करू नका, बोटाच्या दोन पेरांएवढी राहू द्या, आणि सकाळी आधी कडबा मग मुरघास. सुग्रास एकदम ओतण्यापेक्षा तीन वेळेत वाटून द्या. खाण्याचा सोडा तात्पुरता देता येतो पण किती ते तुमच्या डॉक्टरांना म्हैस दाखवून ठरवा, सोडा हा कडब्याला पर्याय नाही. आणि पुढच्या वेळी बदल करताना दोन-तीन आठवडे घ्या. बॅक्टेरिया लवकर वाढतात हो, पण कोणाचं किती चालणार हे ठरायला आणि पोटाच्या आतली लव आम्ल शोषायला तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच.

सुधारतंय का ते बघायला मशीन नको. दुपारी बसलेल्या चार म्हशींपैकी निदान दोन रवंथ करताना दिसल्या पाहिजेत, आणि एका घासाला पन्नासच्या आसपास चावे मोजून बघा, तीसवरच गिळत असतील तर अजून धागा कमी पडतोय.

प्रश्न : मुरघासातले चांगले बॅक्टेरिया पोटात जाऊन राहतात का? तसं असेल तर कल्चर पावडर कशाला घ्यायची?
– बारामतीहून एक ताई

उत्तर : ताई, पोटात ते पाहुणे, संसार थाटत नाहीत. कल्चर पावडर मुरघास भरताना टाकायची असते, तिचं काम बॅगेत लवकर आंबवून चारा टिकवणं. म्हशीला देतात ते यीस्ट वेगळं, तेही पोटात मुक्काम करत नाही म्हणून रोज द्यावं लागतं, आणि आधी चारा नीट नसेल तर मी तरी त्यावर पैसे घालवणार नाही.

प्रश्न : बॅगेच्या तोंडाला पांढरी-हिरवी बुरशी आली, ती काढून खालचं दिलं तर चालेल?
– एक तरुण वाचक

उत्तर : बुरशी लागलेलं आणि त्याच्या भोवतीचं हातभर फेकून द्या, शेळीलाही घालू नका. वास ताकासारखा आंबट-गोड असेल तर खालचं चालेल, कुजका किंवा खवट लोण्यासारखा असेल तर सगळी बॅग गेली समजा. बुरशीतलं अफलाटॉक्सिन दुधात उतरतं, दुधासाठी त्याची कायद्यानं मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. एकदा उघडली की रोज काढा आणि तोंड घट्ट बांधून वर वजन ठेवा.