चौथा आणायचा की नाही, हे आधी चिंगीला विचारा

पत्र :

ताई, नमस्कार. आमच्याकडे तीन मांजरं आहेत. अकरा वर्षांची चिंगी आणि चार वर्षांची सख्खी भावंडं, गोट्या आणि शेवंती. तिघांचीही ऑपरेशनं झालीत, घराबाहेर कोणीच जात नाही. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मी, नवरा आणि सासूबाई. मार्चमध्ये खालचे भाडेकरू घर सोडून गेले आणि त्यांचा बोका इथेच टाकून गेले. दीड-दोन वर्षांचा असेल. पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर झोपतो. वॉचमनकाका त्याला 'भाऊ' म्हणतात. संध्याकाळी मी ऑफिसमधून आले की लिफ्टपर्यंत मागे मागे येतो आणि दार बंद झालं की ओरडतो. घरात आल्यावरही तो आवाज कानात राहतो. परवा त्याचा कान फाटलेला दिसला. आता पाऊसही तोंडावर आलाय.

नवरा म्हणतो, "तू ठरव, मला चालेल." सासूबाई म्हणतात, "आता पुरे." दुपारचं खाणं त्याच घालतात, त्यामुळे त्यांना दुखवायचं नाहीये. पण तीन आहेत तिथे चौथा मावेल, असं मला वाटतं. आमच्या तिघांची कधी मारामारी होत नाही. चिंगी तेवढी हल्ली बेडरूममध्येच असते आणि गेल्या दोन महिन्यांत तीन-चार वेळा तिने गादीवर शू केली, पण वय झालंय तिचं. ट्रे दोन आहेत, दोन्ही ड्राय बाल्कनीत. भाऊला घरी आणू का? नाही आणला आणि त्याला काही झालं, तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.

— तिघांची आई, डोंबिवली

उत्तर :

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझाही जीव त्या लिफ्टपाशी अडकला. दुसऱ्यांदा वाचताना मात्र चिंगीच्या ओळीपाशी थांबले. तुम्ही ती ओळ जाता जाता लिहिली आहे, पण माझ्या लेखी या पत्रात सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. म्हणून उत्तर आधी सांगते आणि कारणं मग : भाऊला आत्ता घरात आणू नका. त्याच्यासाठी करण्यासारखं खूप आहे, ते पुढे सांगतेच. पण आधी चिंगी.

अकरा वर्षांची, आयुष्यभर ट्रे वापरणारी मांजरी गादीवर शू करायला लागली, तर त्याला म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. या वयात किडनीचा त्रास सुरू झालेला असू शकतो, साखर वाढलेली असू शकते, मूत्राशयाला सूज असू शकते. सांधे दुखत असतील तर उंच कडेच्या ट्रेमध्ये पाय टाकणंही नको होतं. याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्या. लघवीची तपासणी आणि रक्ताची तपासणी, दोन्ही करून घ्या. ती पाणी पूर्वीपेक्षा जास्त पिते का, वजन उतरलंय का, हे दोन-तीन दिवस नीट बघून ठेवा, म्हणजे डॉक्टरांना सांगता येईल.

रिपोर्ट चांगले आले, तर मला दुसरी शंका आहे. एखाद्या रविवारी मोबाइल बाजूला ठेवून तासभर फक्त पॅसेजकडे बघत बसा. बेडरूममधून ड्राय बाल्कनीत जायला चिंगीला हॉल आणि स्वयंपाकघर ओलांडावं लागत असणार. त्या वाटेत गोट्या कुठे बसतो? तो बहुतेक काहीही करत नसेल. उंबऱ्यापाशी पाय पोटाखाली घेऊन नुसता बसला असेल. चिंगी येईल, त्याच्याकडे बघेल, थांबेल, आपलं काही ठरलंच नव्हतं अशा थाटात खांदा चाटेल आणि परत फिरेल. आपण म्हणतो, बघा किती गुण्यागोविंदाने राहतात! पण मांजरांची भांडणं बहुतेक वेळा अशीच असतात. फिस्कारणं नाही, नख्या नाहीत. एक रस्ता अडवतो आणि दुसरी रस्ता सोडते. चिंगीला ट्रेपर्यंत जाताच येत नसेल, तर ती शू करणार कुठे? तुमच्या वासाची, मऊ, सुरक्षित गादी तिला जवळची वाटते.

हे मी ठामपणे लिहू शकते, कारण माझ्या घरात हेच घडलं आणि मला दिसलं नाही. तीन मांजरं असताना मी चौथं पिल्लू आणलं. गटाराच्या कडेला सापडलेलं, मुठीएवढं. थोरली मनी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती भांडली नाही, माळ्यावर जाऊन बसली, जुन्या सुटकेसांच्या मागे. आम्ही म्हणायचो, वय झालं, तिला आता शांतता लागते. एकदा रात्री दोनच्या सुमाराला मी उठले, तर ओट्याखाली मनी पाणी पीत होती. दोन घोट घ्यायची, थांबायची, मान वर करून दाराकडे बघायची, कान मागे वळलेले. पुन्हा दोन घोट. स्वतःच्या घरात ती चोरून पाणी पीत होती. पिल्लू आणल्याला तोवर आठ महिने झाले होते. नंतर मी तिचं खाणं, पाणी, ट्रे सगळं वेगळं केलं आणि ती हळूहळू खाली उतरली. पण ते आठ महिने मला तिला परत देता आले नाहीत.

"तीन आहेत तिथे चौथा मावेल" हा हिशेब माणसांच्या पंगतीत चालतो. मांजर शिकार एकट्याने करतं आणि खातंही एकट्याने. मोकळी मांजरं गटाने राहतात, तेव्हाही गटाचा गाभा सहसा नात्यातल्या माद्यांचा असतो : आई, मुली, बहिणी. बाहेरच्या मोठ्या मांजराला तो गट सहजासहजी जवळ करत नाही. तुमच्या घरातही बघा, गोट्या-शेवंती एका आईची. चिंगी त्यांच्या आधीची, आणि आता दोघांपुढे एकटी. भाऊ आला तर तिच्या वाट्याचं घर आणखी आक्रसेल.

आता भाऊकडे येते. त्याला टाकून जाणाऱ्यांचा मला मनापासून राग आला. पाळलेल्या जनावराचे भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा अवस्थेत त्याला सोडून जाणं, हा १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये! एका जिवाची एवढीच किंमत धरलेली वाचली की हात थरथरतो. असो.

भाऊचा कान फाटलाय म्हणजे तो बहुतेक इतर बोक्यांशी भांडतोय. तो जवळ येतोच, तर ओळखीच्या हाताने त्याला खाणं देऊन कॅरिअरमध्ये घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. मांजराच्या चाव्यावर वरून लवकर खपली धरते आणि आत पू साठतो, त्यामुळे मान, गाल, शेपटीचं मूळ चाचपून बघायला सांगा. त्याच फेरीत नसबंदीची तारीख घ्या. नसबंदी झाली की भटकणं, भांडणं आणि भिंतींवर लघवीचे फवारे मारणं बरंच कमी होतं. लगेच दुसऱ्या दिवशी फरक दिसणार नाही, काही आठवडे जावे लागतात. रेबीजची आणि ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्रित) लस, जंताचं औषध, पिसवांचं औषध हेही उरकून घ्या.

आणि एक तपासणी अजिबात टाळू नका. एफआयव्ही आणि एफईएलव्ही या, मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणाऱ्या दोन विषाणूंसाठी रक्ताच्या काही थेंबांवर दवाखान्यातच चाचणी होते. पहिला मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, म्हणजे भांडखोर बोक्यांमध्ये जास्त. दुसरा लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, एकाच वाडग्यातून. माणसाला हे होत नाहीत, पण घरातल्या मांजरांना होऊ शकतात. अलीकडेच चावा बसला असेल तर पहिली चाचणी फसवी निघू शकते, म्हणून दोन महिन्यांनी ती पुन्हा करायची. कॅट पार्व्हो, म्हणजे मांजरांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांचा विषाणू तर घरात महिनोनमहिने टिकून राहतो. तेव्हा तुमच्या तिघांच्या लसी वेळेवर झाल्यात ना, तेही बघून घ्या, कारण भाऊला हात लावून तुम्ही रोज घरी जाताच आहात. हात साबणाने धुवा, चपला दाराबाहेर ठेवा.

पावसाचं म्हणाल, तर मासळीवाल्याकडून थर्माकोलचा मोठा खोका मागून आणा. नीट धुवा, एका बाजूला मांजर जाईल एवढं गोल भोक पाडा आणि पार्किंगच्या कोरड्या कोपऱ्यात दोन विटांवर ठेवा. आत जुनी सतरंजी घाला, ओली झाली की बदला. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. नसबंदी आणि लसीकरणाची कागदं हातात असली की विरोध करणाऱ्यांचा सूरही खाली येतो. वॉचमनकाका तुमच्या बाजूने आहेतच, त्यांच्याकडे महिन्याचं खाणं देऊन ठेवा.

मग त्याच्यासाठी घर शोधा. माणसाळलेला, नसबंदी झालेला, लसी टोचलेला, चाचणी नीट निघालेला तरुण बोका आहे तो. घरात दुसरं मांजर नसलेलं एखादं कुटुंब, एखाद्या सोबत नसलेल्या आजी. अशा घरात तो राजासारखा राहील. तुमच्या घरात तो चौथा असेल. हे वाक्य लिहिताना मला वाईट वाटतंय, पण त्याच्या बाजूनेही विचार करायला हवा ना?

तीन महिन्यांत घर मिळालं नाही, चिंगीची तब्येत सावरली आणि गादी कोरडी राहिली, तर प्रश्न पुन्हा उघडा. पण त्याआधी कागदावर फ्लॅटचा नकाशा काढा. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त लागतो. आत्ताच तुम्हाला चार हवेत, भाऊ आला की पाच. शेजारी शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या हिशेबी एकच जागा. पाच ट्रे पाच ठिकाणी कुठे ठेवाल, हे नकाशावर दाखवता आलं तरच पुढे जा.

आणि हो, तो कागद सासूबाईंपुढे ठेवा. तुम्ही ऑफिसला गेलात की दिवसभर ते घर त्याच बघतात. ट्रेचा वास त्यांना येतो, वाडगी त्याच भरतात. त्यांच्या "आता पुरे"मध्ये नुसती कुरकुर नसावी. दुपारी गोट्या कुठे बसतो, चिंगी कधी जेवते, हे तुमच्याआधी त्यांच्या नजरेला पडलं असेल. एकदा चहा घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "आई, चिंगी दुपारी काय करते हो?" नवऱ्याचं "तू ठरव"ही मला पुरेसं वाटत नाही. पाचपैकी दोन ट्रे रोज तो साफ करणार का, एवढं विचारा.

इतकं सगळं जमलं आणि भाऊला आणायचं ठरलंच, तर पहिले दोन आठवडे त्याला एका बंद खोलीत ठेवा, आणि ती चिंगीची बेडरूम नको. त्याच्या गालांवरून जुना मोजा फिरवून तो बाहेरच्यांच्या वाडग्यांपासून थोडा दूर ठेवा, त्यांचा मोजा त्याच्या खोलीत. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण. वास अंगवळणी पडला की दाराला जाळी लावून नुसतं दिसू द्या. मग पाच मिनिटं समोरासमोर, खाऊ दाखवून, आणि लगेच वेगळे. फिस्कारलं तर घाबरू नका, ते लांब राहायला सांगणं असतं. कान चपटे करून कोणी एकटक रोखून बघायला लागलं, की मध्ये पुठ्ठा धरा आणि एक पायरी मागे या. याला आठवडे लागतात, कधी महिने. "त्यांचं ते बघून घेतील" म्हणत एकदम सोडून दिलेली मांजरं पुढे वर्षानुवर्षं एकमेकांचा धसका घेतात. या काळात गोट्या ट्रेमध्ये सारखा बसतोय आणि शू होत नाहीये असं दिसलं, तर रात्री-अपरात्रीही दवाखाना गाठा. बोक्याची लघवी अडली तर एका-दोन दिवसांत जिवावर बेततं. आणि खिडक्यांना कबुतरांची नायलॉन जाळी असेल तर ती बदला. बाहेरची सवय असलेला बोका ती फाडून तिसऱ्या मजल्यावरून खाली जाऊ शकतो.

तुम्ही लिहिलंय, स्वतःला माफ करू शकणार नाही. त्या बोक्याला टाकून दुसरे गेलेत, तुम्ही नाही. तुम्ही रोज त्याच्यासाठी थांबता, त्याचा कान फाटलेला तुम्हाला दिसला. त्याला दवाखान्यात नेलंत, त्याची नसबंदी केलीत, कोरडी जागा दिलीत, घर शोधलंत, तर त्याच्यासाठी ज्यांनी सगळ्यात जास्त केलं त्या तुम्हीच असाल, तो कुणाच्याही घरात झोपला तरी.

आज रात्री मात्र एक करा. चिंगीच्या बेडरूममध्ये कमी उंचीच्या कडेचा एक ट्रे ठेवा, आणि त्यापासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात, पाण्याचं वाडगं. गोट्या-शेवंतीला बाहेर ठेवून दार लोटून घ्या. ती किती वेळ पाणी पिते, ते बघा. रिपोर्ट आले की मला कळवा, आणि भाऊच्या कानाचंही.

— तुमची ताई